खुंटीवरचं नाव

"कोट त्या खुंटीला नको," मी म्हटलं. "खुर्चीवर टाका."

कर्स्टीचा हात एप्रनपर्यंत पोचला होता. तिनं तो मागे घेतला. कोटातून पाणी गळत होतं. तिनं तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. मला ते आवडलं. दुसऱ्याच्या घरातली फरशी ओली होऊ नये असं वाटणारी माणसं कमी असतात.

एप्रन शेवंतीचा होता, माझ्या बायकोचा. ऑक्टोबरात तिला इस्पितळात नेलं तेव्हा तिनं तो स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवला होता. तेव्हापासून तो तिथेच होता. मी त्याला हात लावला नव्हता, दुसऱ्या कोणालाही लावू दिला नव्हता.

कर्स्टी एडिंबरातल्या एका लहान प्रकाशन संस्थेची संपादक. दर वसंतात ते स्कॉटलंडमधल्या कवींची चार नवी पुस्तकं एकत्र काढायचे, एकाच आकाराची, एकाच दिवशी. त्या वर्षीचं चौथं पुस्तक शेवंतीचं होतं. ते ठरलं तेव्हा शेवंती जिवंत होती. पुस्तक हातात येईपर्यंत ती राहिली नाही.

कर्स्टीनं पिशवीतून चार मुखपृष्ठं काढून टेबलावर मांडली. पहिल्यावर दगडी भिंत. दुसऱ्यावर बसचं तिकीट. तिसऱ्यावर नुसती अक्षरं, गेलिकमधली, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतली. चौथ्यावर निळं पाणी आणि त्यावर वाकलेलं नारळाचं झाड.

"हे काय?" मी विचारलं.

"नारळ आहे, मिस्टर तारी."

"ते दिसतंय. मी नारळाखालीच वाढलो. ह्या पुस्तकात नारळ कुठल्या पानावर आहे?"

मी चहा ओतला.

"शेवंतीनं नारळावर एक ओळ लिहिलेली नाही," मी म्हटलं. "मला कविता कळत नाही, पण नारळ कळतो. तिनं लिहिलंय ते ह्या पोर्टगॅरीबद्दल. मासळीचा कारखाना, थंडी, ह्या बायका. झाड काढून टाका."

कर्स्टी हसली. "खरंय. चित्रकारानं तिचं नाव वाचलं आणि झाड रंगवलं. मीही काही बोलले नाही. काढते." तिनं पेन्सिलीनं झाडावर फुली मारली.

मला वाटलं, काम झालं. मग मी नाव वाचलं. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात 'शेवंती तारी' एवढंच होतं.

"हे अर्धं आहे," मी म्हटलं.

"हो." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "त्याच्यासाठीच मी पोस्टानं न पाठवता स्वतः आले."

आता हे नावाचं प्रकरण सांगितलं पाहिजे. पोर्टगॅरी म्हणजे उत्तर समुद्राच्या कडेचं मासेमारीचं गाव. तिथे निम्म्या लोकांचं आडनाव स्लेटर. बापयांची, म्हणजे पुरुषांची, नावंही चारपाचच, तीच फिरून फिरून ठेवायची. त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव असतं आणि ते गमतीचं नसतं. ते पगाराच्या पाकिटावर लिहिलं जातं, होडीच्या कागदावर असतं, थडग्याच्या दगडावरही कोरतात. बापाचं पोराला मिळतं. आमच्या शेजारच्या बेलाचं नाव बेला स्लेटर, पण गावात बेला स्लेटर मोजायला गेलं तर एका हाताची बोटं पुरणार नाहीत. म्हणून ही बेला 'बटन'. तिच्या आजोबाच्या कोटाला म्हणे पितळेचं मोठं बटन होतं. नातवंडंसुद्धा अजून बटनच.

मला ह्यात नवल वाटलं नाही. देवगडच्या खाली आमच्या वाडीत सगळेच तारी. आमच्या घराला 'आंब्याखालचे' म्हणायचे. आंबा माझ्या जन्माच्या आधीच पडला होता.

शेवंतीचं इथलं नाव पार्टन. इथल्या बोलीत पार्टन म्हणजे खेकडा. तिनं आपल्या कवितांचे कागद पाठवले तेव्हा वर नाव लिहिलं होतं, इथल्या पद्धतीनं, अवतरणचिन्हात घालून: शेवंती तारी 'पार्टन'.

"ते नाव मी छापू शकत नाही," कर्स्टी म्हणाली.

"का?"

"मी स्पष्ट बोलते. तुम्हाला वाईट वाटेल."

"बोला. वाईट वाटायचं ते आधीच वाटून झालंय."

"एक हिंदुस्थानी बाई कारखान्यात कामाला लागते. गोऱ्या बायकांच्या रांगेत ती एकटी सावळी. त्या तिला खेकडा म्हणतात. आणि तिच्या पहिल्या पुस्तकावर, ती गेल्यावर, आम्ही तीच शिवी मोठ्या अक्षरांत छापतो. लोक मला विचारतील. विचारायलाच हवं. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं."

ती काही मूर्ख बाई नव्हती. तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण राग आला तो आलाच.

"ते तिचं नाव आहे," मी म्हटलं.

"तिला दिलेलं."

"नाव सगळ्यांना दिलेलंच असतं. सावळाराम हे काय मी पाळण्यात स्वतः सुचवलं होतं?"

"मिस्टर तारी, छापखान्याला मला ह्याच आठवड्यात सगळं द्यायचंय. तुमची कन्या म्हणते..."

"नीलमशी बोललात तुम्ही?"

"काल. तिचंही म्हणणं हेच आहे की नुसतं शेवंती तारी ठेवा."

मी उठून नीलमला फोन लावला. नीलम आमची एकुलती मुलगी, बर्मिंगहॅमला औषधाच्या दुकानात असते. फोन तिनं लगेच उचलला. वाटच बघत असावी.

"बाबा, तू चिडू नकोस," ती म्हणाली.

"चिडलोच नाही. आईचं नाव कापायला सांगितलंस?"

"नाव नाही. ती शिवी."

"शिवी कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तू शाळेत नव्हतास माझ्याबरोबर. खेकड्याची पोर म्हणायचे मला. मी मैदानात आले की पोरं अशी दोन दोन बोटं करून चिमटे घ्यायची. नांग्या. तुला ठाऊक तरी होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटलं.

"आईला सांगितलं होतं मी," नीलम म्हणाली. "तिनं मला काय सांगावं? म्हणाली, तू पण चिमटो काढ. अरे, ही काय आईनं सांगायची गोष्ट झाली?"

"मग काढलास?"

"तो मुद्दा नाही, बाबा. पुस्तक येऊ दे. तिला तेच हवं होतं ना? ह्या चौघांत आपलं पुस्तक. तू एका शब्दासाठी ते घालवणार?"

"एका शब्दासाठी नाही."

"मग कशासाठी?"

मला फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, नंतर बोलू. ती म्हणाली, तू असंच म्हणतोस, आणि तिनं फोन ठेवला.

मी परत येऊन बसलो. कर्स्टीनं चहा घेतला नव्हता.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "आम्ही नाव छापतो, पण पुढे एक प्रस्तावना घालतो. विद्यापीठातल्या एका बाई आहेत, त्या लिहितील. कामगार बायका, वर्ण, अपमान, सगळं समजावून. पण मग पुस्तक ह्या वसंतात येणार नाही. तिघांची येतील, तुमचं पुढच्या वर्षी. ते 'समुद्रापलीकडचे आवाज' ह्या मालेत."

"समुद्रापलीकडचे म्हणजे?"

"म्हणजे, बाहेरून आलेल्या लेखकांची माला."

"ती ह्या गावात चाळीस वर्षं राहिली. ह्या समुद्राच्या अलीकडेच होती. ह्याच टेबलावर लिहिलंय तिनं."

"मला कळतंय."

"मग ऐका. तिघांची पुस्तकं काढा. चौथं राहू द्या. ना ह्या मालेत, ना त्या. कागद मला परत द्या."

"तुम्ही हे मनापासून म्हणताय?"

"मी दुसरं कसलं म्हणू?"

कर्स्टीचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. इस्पितळात शेवंतीनं माझ्याकडे एकच गोष्ट दोनदा मागितली होती. पुस्तक बाकीच्यांबरोबर येऊ दे, माका वायला घालू नुको. वायला म्हणजे वेगळं, बाजूला. आणि मी तेच पुस्तक बंद करायला निघालो होतो. पण अर्ध्या नावानं ते बाकीच्यांबरोबर आलं असतं तरी ती बाजूलाच राहिली असती. हे मला तेव्हा इतकं नीट शब्दांत सुचलं नव्हतं. मी फक्त मान हलवत राहिलो.

तेवढ्यात बेला आली. ती मागच्या दारानं येते, दार वाजवत नाही. शेवंती गेल्यापासून रोज दुपारी काहीतरी घेऊन यायची आणि मी खातो की नाही ते उभं राहून बघायची. त्या दिवशी सूपाचं भांडं होतं.

"पाहुणी आहे होय," ती म्हणाली. "पुस्तकवाली का? पार्टनचं पुस्तक कुठंय?"

"नाही निघत," मी म्हटलं.

"का? कागद संपला एडिंबरातला?"

कर्स्टी उठून उभी राहिली, हात पुढे केला, नाव सांगितलं. बेलानं भांडं खाली ठेवून हात पुसला आणि मग मिळवला. कर्स्टीनं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मला धीट वाटली. शेवटी तिनं बेलाला सरळच विचारलं, "ते नाव तुम्ही तिला चिडवायला ठेवलं होतं का?"

"मग काय लाडानं?" बेला म्हणाली.

कर्स्टीनं माझ्याकडे पाहिलं.

"ही इथे आली त्या हिवाळ्यात," बेला खुर्ची ओढून बसली, "जाळ्यात यायचे ते बारके खेकडे आमचे बापये धक्क्यावरून परत पाण्यात फेकायचे. कोण खातंय ते? ही बादली घेऊन धक्क्यावर उभी. सगळे मागून घ्यायची. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्याचा वास अख्ख्या कारखान्यात. आम्ही नाकाला रुमाल लावले. मीच पहिली म्हटलं, आली बघा पार्टन. मग सगळ्या म्हणायला लागल्या. ती रांगेत आली की आम्ही तिरक्या तिरक्या चालून दाखवायचो. वाईट होतो गं आम्ही, पोरी. थंडीत बारा जणी उभ्या केल्या की कोणीतरी एकटी लागतेच हसायला."

"मग ते नाव अपमानाचंच होतं," कर्स्टी हळू म्हणाली.

"होतंच की. हा काय म्हणाला तुला? नव्हतं?"

"त्यांनी एवढंच सांगितलं, ते तिचं नाव आहे."

"तेही खरं." बेला माझ्याकडे वळली. "खुंटी दाखवलीस का हिला?"

"नाही."

"दाखव."

"एप्रन आहे तिच्यावर."

"मग एप्रन काढ."

"बेला, राहू दे."

"तू काढतोस की मी काढू?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. 

मग मीच उठलो. एप्रन खुंटीवरून उतरवला. खिशात तिचा रुमाल होता आणि दोरा गुंडाळलेला एक कागदाचा तुकडा. मी एप्रनची घडी घालून छातीशी धरला. ठेवायला जागा सुचेना.

खुंटी म्हणजे कारखान्यातल्या फळीचा एक तुकडा, त्यात लोखंडी आकडा. कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकीनं आपापली खुंटी उचकटून घरी आणली होती. आकड्याच्या वर तांबड्या रंगात अक्षरं होती. मोठी, वाकडी. शेवटच्या अक्षराला जागा उरली नव्हती म्हणून ते अर्धं वर चढलं होतं. पार्टन.

कर्स्टी जवळ जाऊन बघत राहिली. "हे तुम्ही लिहिलंत?" तिनं बेलाला विचारलं.

"आम्ही? आम्ही तिला खुंटी दिली, तीच उपकार केल्यासारखी. एकदम टोकाची, संडासाच्या दाराजवळची. सगळ्यांच्या खुंट्यांवर नावं होती. माझ्यावर बटन. हिच्यावर काही नाही. वर्षभर कोरी. टोपणनाव लागतं कधी? एकाच नावाच्या दहा जणी असल्या की. शेवंती तारी सगळ्या स्कॉटलंडात एकच. हिला कशाला लागतंय? आणि मग एक दिवस आम्ही सकाळी कामावर आलो तर हे. रंग ओला. ही बाई खाली उभी, बोटं तांबडी, हातमोजे घालतेय. एक शब्द बोलली नाही."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय बोलणार? मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं." बेलानं खांदे उडवले. "आम्ही दिलं नव्हतं, तिनं घेतलं. नंतर परत मागायची कोणाची छाती झाली नाही. दोन वर्षांनी कारकुनानं तिच्या पाकिटावर तेच लिहिलं. ती गेली तेव्हा बेकरीच्या काचेत आम्ही चिठ्ठी लावली, तिच्यावरही तेच होतं. आमचा पाद्री इथे म्हातारा झाला, त्याला अजून नाव नाही. तो बाहेरचा." मग ती कर्स्टीला म्हणाली, "तू ते काढलंस तर आमच्यातली एकही बाई तुझ्या कार्यक्रमाला येणार नाही. आम्ही मिनीबस ठरवली होती."

कर्स्टी परत येऊन बसली. आता गार झालेला चहा प्यायली.

"मला पटतंय," ती म्हणाली. "पण माझी अडचण गेलेली नाही. पुस्तक दुकानात जाईल तेव्हा बरोबर ही खुंटी जाणार नाही, आणि तुम्हीही जाणार नाही. वाचणाऱ्याला काय कळणार?"

"नाही कळलं तर विचारेल," मी म्हटलं.

"कोणाला?"

"मला."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे. प्रस्तावना नाही. दुसरी माला नाही. नाव पूर्ण. पण प्रकाशनाच्या दिवशी तुम्ही पुढे बसायचं. तिच्या कविता तुम्ही वाचायच्या. आणि कोणी नावाबद्दल विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी देणार नाही. बेलाही नाही."

मी आयुष्यभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. मुलीच्या लग्नातसुद्धा दोन वाक्यं बोललो नव्हतो.

"कबूल," मी म्हटलं.

"आणि मुखपृष्ठावर काय घालू? ह्या खुंटीचा फोटो..."

"खुंटी नाही मिळणार."

"बरं," ती म्हणाली. "मग नुसता तांबडा रंग."

ती गेल्यावर बेलानं मला सूप प्यायला लावलं. मी प्यायलो. एप्रन मांडीवरच होता. बेलानं तो उचलला नाही. जाताना तिनं खुंटीवरच्या अक्षरांवरची धूळ बोटानं पुसली.

नीलमला मी सांगितलं, नाव राहणार, आणि मी कविता वाचणार आहे. ती म्हणाली, "तुला हवं ते कर." मी विचारलं, येशील ना? "बघते," ती म्हणाली. तिचं 'बघते' म्हणजे आईसारखंच. त्यात काहीच कळत नाही.

प्रकाशन एडिंबरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात, वरच्या मजल्यावर होतं. दुपारची वेळ. टेबलावर चारही पुस्तकांचे ढीग. मी आधी शेवंतीचं पुस्तक हातात घेतलं नाही. बाकी तिघांची चाळली, मग तिचं. सारख्याच जाडीचं. सारख्याच कागदाचं. ढिगात बाजूला ठेवलेलं नव्हतं, मधोमध होतं.

बेटावरून आलेला एक मेंढपाळासारखा दिसणारा माणूस गेलिकमध्ये वाचून गेला. डंडी शहरातला एक तरुण बसमधल्या लोकांवर वाचून गेला. लोक हसले. एका निवृत्त शिक्षिकेनं आपल्या गावच्या पडक्या भिंतींवर वाचलं, ती मध्येच थांबून पाणी प्यायची. मग कर्स्टी उभी राहिली आणि म्हणाली, "शेवंती तारी, पार्टन." पुढच्या रांगेतल्या माणसानं भुवया वर केल्या. मागे पोर्टगॅरीच्या बायका दोन रांगा अडवून बसल्या होत्या. त्यांनी पाय आपटले. टाळ्यांऐवजी पाय. कारखान्यात हात मासळीत असायचे, त्यामुळे त्यांची ती रीत.

मी वाचलं. वाईट वाचलं. इथल्या बोलीतले तिचे शब्द माझ्या तोंडात नीट बसत नाहीत. एक छोटी कविता बरी गेली. आपल्या भाषेत सांगायची तर ती अशी:

हात गार, पाणी गार,
मासा त्याहून गार.
बेला म्हणते, हस ना गं.
मी म्हणते, ओठ उसने दे.

बायका हसल्या. बेला डोळे पुसत हसली.

मग प्रश्न सुरू झाले. पहिलाच मला होता. भुवया वर करणारा माणूस उठला. सौम्य बोलला. "मिस्टर तारी, पार्टन म्हणजे खेकडा हे मला ठाऊक आहे. एका भारतीय स्त्रीला कामाच्या जागी हे नाव मिळालं असेल तर ते कसं मिळालं असेल, ह्याची मला कल्पना आहे. तुम्हाला ते पुस्तकावर बघून अपमान वाटत नाही का?"

मी कर्स्टीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. कबूल म्हणजे कबूल.

"अपमान होता," मी म्हटलं. "चिडवायलाच ठेवलं होतं. चिडवणाऱ्या मागे बसल्यात. तुम्ही त्यांनाही विचारू शकता, पण त्या आधी तुमचीच उलटतपासणी घेतील."

मागे कोणीतरी "हो" म्हणालं.

"एक दिवस शेवंतीनं माझ्याकडे बोटीचा रंग मागितला. मी बोटीच्या कारखान्यात होतो, तळाला लावायचा तांबडा रंग आमच्याकडे पडलेला असायचा. आमच्या बोलीत ती म्हणाली, माका इल्लो तांबडो रंग होयो. मी म्हटलं, कित्याक? म्हणाली, नाव लिवचा आसा. मी म्हटलं, कोणाचा? म्हणाली, माझा."

मी हे आमच्या बोलीतच बोललो आणि मग त्यांच्या भाषेत सांगितलं: थोडा तांबडा रंग हवा, कशाला, नाव लिहायचंय, कोणाचं, माझं.

"मला वाटलं, शेवंती लिहायचंय. तिला इथली अक्षरं येत नव्हती. ती शाळेत गेली होती ती आमच्या वाडीतल्या, थोडीच. मी एका पुठ्ठ्यावर शेवंती लिहून दिलं. तिनं तो पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाली, हे नको. त्या काय म्हणतात ते लिहून दे. मी म्हटलं, तू वेडी आहेस का, त्या तुला हसतात. तिनं काय म्हणावं? म्हणाली, आज हसतत, कारण ता त्यांचा आसा. माझा झाल्यार कित्याक हसतीत?"

हेही मी दोन्ही भाषांत सांगितलं: आज हसतात, कारण ते नाव त्यांचं आहे; माझं झाल्यावर कशाला हसतील?

"मी लिहून दिलं. ती सबंध संध्याकाळ चुलीच्या कोळशानं गिरवत बसली. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन रंगवून आली. इथल्या भाषेत तिनं लिहिलेला तो पहिला शब्द. ह्या पुस्तकातले बाकीचे सगळे त्याच्या मागून आले. पहिलाच काढून टाकायचा म्हटल्यावर मी बाकीचे द्यायला तयार नव्हतो. एवढंच."

मी खाली बसलो. माणूसही बसला. त्यानं "धन्यवाद" म्हटलं आणि ते मनापासून असावं. मागे पाय आपटले गेले. लाकडी जमीन हादरली.

तेव्हा मला नीलम दिसली. ती जिन्याजवळ उभी होती, अंगात कोट, हातात छत्री. कधी आली ते मला कळलं नव्हतं. किती ऐकलं तेही नाही.

लोक पुस्तकं घेऊन रांगेत उभे राहिले. तिघे कवी आपापल्या पुस्तकांवर सह्या करत होते. चौथ्या खुर्चीपुढेही रांग होती आणि खुर्ची रिकामी होती. कर्स्टीनं मला खुणावलं. मी नाही म्हटलं. माझी सही तिथे कशाला? गावात मला आजही नाव नाही, मी नुसता पार्टनचा नवरा.

नीलम लोकांमधून वाट काढत आली. चौथ्या खुर्चीवर बसली. रांगेत पहिली बेला होती. तिनं पुस्तक पुढे केलं आणि नीलमनं पेन उघडलं.

"बेला मावशी," ती म्हणाली, "तुझा पोरगा रॉनी मला शाळेच्या मैदानात चिमटे घ्यायचा."

"मला ठाऊक आहे," बेला म्हणाली. "एकदा रडत घरी आला होता. दंड निळा पडला होता."

"मीच चिमटा काढला होता."

"तेही ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, अजून घे."

नीलम खाली वाकली. मी तिच्या मागे उभा होतो, म्हणून मला दिसलं. तिनं आधी नीलम तारी लिहिलं. मग थांबली. मग इथल्या पद्धतीनं अवतरणचिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे आईचं इथलं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराला जागा उरली नाही, ते तिनं थोडं वर चढवलं.